खोटे बोलतात, की त्यांना खरेच तसे वाटते?

निवडणूक होऊन गेली की गावात दोन गोष्टी मागे राहतात. भिंतींवरची अक्षरे आणि माणसामाणसांतला अबोला. अक्षरे दोन पावसाळ्यांत पुसट होतात. अबोल्याचे तसे नाही. आमच्या घरात तो नऊ वर्षे टिकला. माझे थोरले काका आणि धाकटे काका एकाच ओसरीवर वाढलेले. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघे दोन पॅनेलांत गेले आणि ओढ्यावरच्या बंधाऱ्यावरून त्यांचे फाटले. थोरले म्हणत, "बंधाऱ्यात पाणी थांबतं." धाकटे म्हणत, "थेंबभर थांबत नाही, गावाचे पैसे वाहून गेले." बंधारा एकच, ओढा एकच, आणि दोघेही रोज त्याच वाटेने शेतावर जाणारे. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आजी मला विचारी, "अरे, तू एवढा शिकतोस, मग सांग बघू, या दोघांतला खोटं कोण बोलतो?"

आजीचा तो प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. पक्षाचा अभिमानी माणूस जेव्हा डोळ्यांदेखत चुकीचे बोलतो, तेव्हा तो जाणूनबुजून खोटे बोलत असतो, की त्याला मनापासून तसेच वाटत असते?

तुम्ही म्हणाल, मास्तर, कसेही असो, चूक ती चूक. एका अर्थी ते खरे आहे. पण व्यवहारात फरक मोठा पडतो. समोरचा माणूस चुकला आहे असे वाटले, तर त्याच्याशी बोलायला जागा राहते. चार गोष्टी दाखवता येतात, चार ऐकून घेता येतात. तो लबाड आहे असे एकदा ठरवले की बोलणेच खुंटते. आणि खरे सांगू का? आपण दुसरेच लवकर ठरवतो, कारण त्यात कष्ट कमी. लबाडाला समजावण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

शिक्षकमंडळींना या प्रश्नाचा अनुभव वर्गात रोज येत असेल. दोन मुले भांडत येतात. दोघेही शपथेवर सांगतात की पहिला त्यानेच मारला. पुष्कळदा दोघांनाही तसेच वाटत असते. अमेरिकेत १९५१ च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा फुटबॉलचा सामना झाला. सामना आडदांड झाला. प्रिन्स्टनच्या नावाजलेल्या खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी सामन्याचा चित्रपट दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवला आणि नियमभंग मोजायला सांगितले. १९५४ साली त्यांनी निष्कर्ष छापले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग प्रिन्स्टनच्या मुलांना सरासरीने दहाच्या जवळपास दिसले; डार्टमथच्या मुलांना आपल्याच संघाचे चाराहून थोडे अधिक. चित्रपट एकच होता! डार्टमथच्या एका माजी विद्यार्थ्याने तर तो पाहून तार केली की, महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, तेवढा विमानाने पाठवून द्या. ऐकलेली दांडगाई त्याला पडद्यावर कुठे सापडेना. या गृहस्थाला लबाड कसे म्हणावे? लबाड माणूस पदरचे पैसे खर्चून तार करीत नाही. आपल्याकडे कबड्डीच्या सामन्यात गडी रेषेला शिवला की नाही यावरून जी गर्दी मैदानात उतरते, तिच्यातही बहुतेक अशीच माणसे असतात.

पण हे झाले खेळाचे. खेळात नाक फुटते, फार तर पाय मोडतो. राजकारणात माणसाचे आयुष्य जाते. म्हणून मी तुम्हांला फ्रान्समधली एक हकीकत जरा सविस्तर सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, पण या प्रश्नाची जितकी अंगे आहेत तितकी सगळी तिच्यात सापडतात.

आल्फ्रेड ड्रेफस नावाचा तोफखान्यातला कॅप्टन होता. जातीने यहुदी, जन्म १८५९ चा, गाव आल्सेस प्रांतातले. हा प्रांत १८७१ साली जर्मनीने फ्रान्सकडून हिसकावून घेतला होता, आणि तेव्हापासून फ्रेंच सैन्याच्या मनात जर्मनीबद्दल आग होती. पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीत एक झाडूवाली बाई कचऱ्याच्या टोपलीतले कागद गोळा करी आणि ते फ्रेंच हेरखात्याला पोचते करी. १८९४ साली अशा कागदांत एक फाडलेले टिपण सापडले. फ्रेंच सैन्याची काही गुप्त माहिती पाठवीत असल्याची यादी त्यात होती. खाली सही नव्हती. संशय ड्रेफसवर गेला. अक्षर थोडेफार जुळत होते, आणि तो यहुदी होता हे पुष्कळांना पुरेसे वाटले. १५ ऑक्टोबरला त्याला पकडले. २२ डिसेंबरला लष्करी न्यायालयाने एकमताने दोषी ठरवले. त्याच्या वकिलाच्या नकळत न्यायाधीशांच्या हाती एक गुप्त पुडके देण्यात आले होते. १८९५ च्या ५ जानेवारीला भर मैदानात त्याच्या गणवेशावरची चिन्हे उपटली, तलवार मोडली, आणि पुढे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या सैतानाच्या बेटावर त्याला एकट्याला नेऊन ठेवले. तो सारखा ओरडून सांगत होता की मी निर्दोष आहे. तो निर्दोष होताच.

आता ज्यांनी ज्यांनी त्याला दोषी म्हटले त्यांच्याकडे एकेक करून पाहू.

पहिला बर्तियों. पॅरिस पोलिसांच्या ओळखखात्याचा हा प्रमुख. गुन्हेगारांच्या शरीराची मापे घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत त्याने काढलेली. आपल्या विद्येत नामांकित. हस्ताक्षराची विद्या मात्र त्याची नव्हे. टिपणातले अक्षर ड्रेफसच्या अक्षराशी जुळते तिथे तो म्हणाला, बघा, त्याचेच आहे. जुळत नाही तिथे म्हणाला, बघा, आपण सापडू नये म्हणून त्याने स्वतःच्या अक्षराची मुद्दाम नक्कल करून फरक घातला आहे! म्हणजे जुळले तरी दोषी, न जुळले तरी दोषी. पुढे १८९६ साली त्याला दुसऱ्याच एका माणसाचे अक्षर नाव न सांगता दाखवले. ते टिपणाच्या अक्षराशी हुबेहूब आहे असे त्याने चटकन सांगितले. हे पत्र अलीकडचे आहे म्हटल्यावर त्याचे उत्तर तयार होते: तर मग यहुद्यांनी त्या अक्षराची नक्कल करायला कोणालातरी शिकवले असणार. १९०४ साली प्वांकारे, दार्बू आणि आपेल या तीन मोठ्या गणितज्ञांनी त्याच्या सगळ्या आकडेमोडीची चिरफाड केली. बर्तियों खोटे बोलत होता का? माझे मत, मुळीच नाही. बुद्धी होती, आकडे होते, प्रामाणिकपणाही होता. आपण चुकलो तर ते कशावरून कळेल, एवढा एक प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नाही.

दुसरा मेजर हेन्री, हेरखात्यातला. शेतकऱ्याचा मुलगा, शिपाईगिरीपासून वर चढलेला. १८९६ च्या शरद ऋतूत ड्रेफसच्या बाजूने कुजबूज सुरू झाली तेव्हा त्याने एक कागद तयार केला. इटलीच्या लष्करी वकिलाने जर्मन वकिलाला लिहिलेल्या एका पत्राचा मथळा आणि सही घेतली, मधे दुसरा कागद चिकटवला आणि त्यावर ड्रेफसचे नाव घालून मजकूर लिहिला. हा सरळ बनावट दस्तऐवज; याला चूक म्हणता येणार नाही. पण जरा थांबा. हेन्रीला मनातून काय वाटत होते? उघडकीस आल्यावर त्याने सांगितले ते असे, की वरिष्ठ काळजीत होते, त्यांची काळजी मिटवावी आणि सैन्याचे भले व्हावे म्हणून मी ते केले. ते पूर्ण खरे मानू नका; स्वतःची कातडी वाचवण्याचा भागही त्यात असेल. तथापि ड्रेफस दोषी आहे अशी त्याची खात्री असणे अगदी शक्य आहे. तसे असेल तर त्याच्या हिशेबी तो खरी गोष्टच सिद्ध करीत होता. पुरावा तेवढा कमी पडला म्हणून घरी करून घेतला. ही वृत्ती आपल्याला अनोळखी नाही. "तो चोर आहेच, मग मी त्याला चोरी करताना पाहिलं असं सांगितलं तर काय बिघडलं?" असे म्हणणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील.

तिसरा काव्हेन्याक, युद्धमंत्री. कर्तव्यकठोर आणि स्वच्छ हातांचा म्हणून त्याची ख्याती होती. १८९८ च्या ७ जुलैला त्याने लोकप्रतिनिधींच्या सभागृहात उभे राहून हेन्रीचा तो कागद पुरावा म्हणून वाचून दाखवला. सभागृह भारावून गेले. त्याचे भाषण छापून फ्रान्सच्या गावोगावच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर लावावे असा ठराव झाला. अशी गावे सुमारे ३६,०००. आता एखाद्या खेड्यातला शेतकरी डोळ्यांपुढे आणा. बाजाराला आला आहे, भिंतीवरचा कागद वाचतो आहे, किंवा मास्तरांकडून वाचवून घेतो आहे. मंत्र्याने सभागृहात सांगितलेले, सरकारी छापखान्यात छापलेले. तो घरी जाऊन बायकोला सांगतो की ड्रेफस देशद्रोही आहे. या शेतकऱ्याला खोटारडा म्हणाल का? आणि मंत्र्याला तरी कसे म्हणाल? त्याने कागद खरा मानला होता. पण सगळ्यांच्या प्रामाणिक बोलण्याच्या मुळाशी हेन्रीची कात्री आणि डिंक होता.

खोटे बोलणारे वेगळे आणि चुकणारे वेगळे, त्यांच्या दोन रांगा लावता येतील, अशी आपली समजूत असते. इथे त्या दोन रांगा राहत नाहीत. लबाडाने पेरावे, भाबड्याने वाढवावे आणि पीक भलत्याच कोणी काढावे, असा हा व्यवहार. पोचता पोचता खोट्याच्या अंगचा खोटेपणा संपतो. ते बोलणारा प्रत्येक जण खरे बोलत असतो, कारण त्याला तेच सांगितले गेलेले असते.

पुढची गोष्ट याहून विलक्षण आहे. काव्हेन्याकच्याच कार्यालयातला कॅप्टन क्वीन्ये ऑगस्ट महिन्यात ते सगळे कागद तपासत बसला होता. ड्रेफस दोषी, असेच त्याचेही मत. एका रात्री दिव्याच्या उजेडात हेन्रीचा कागद धरला तर त्यावरच्या आखलेल्या बारीक रेघांचा रंग वेगवेगळा! मथळ्याच्या तुकड्याचा एक, मजकुराच्या कागदाचा दुसरा. क्वीन्येने काय केले? उठून मंत्र्याला सांगितले. मंत्र्याने काय केले? ३० ऑगस्टला हेन्रीला समोर बसवून स्वतः उलटतपासणी केली आणि त्याच्याकडून कबुली घेतली. आपल्याच बाजूचा पुरावा, आपणच सभागृहात वाचलेला, तो खोटा आहे हे जगापुढे येऊ दिले. दुसऱ्या दिवशी कोठडीत हेन्रीने वस्तऱ्याने गळा कापून घेतला.

आता तुम्हांला वाटेल की काव्हेन्याकने ड्रेफसची क्षमा मागितली. नाही! पुरावा खोटा निघाला तरी ड्रेफस दोषी आहे या मतापासून तो हलला नाही. खटल्याच्या फेरतपासणीला विरोध म्हणून त्याने राजीनामा दिला. क्वीन्येही पुढे त्याच मताचा राहिला. यांना काय नाव द्यावे? लबाड म्हणवत नाही, कारण लबाड असते तर कागद जाळून टाकला असता. मी यांना चुकलेली प्रामाणिक माणसे म्हणतो. हे म्हणताना मला बरे वाटत नाही, कारण यांच्या प्रामाणिकपणाची किंमत बेटावर बसलेला माणूस मोजत होता.

उलट दुसरे टोक. ला लिब्र पारोल या यहुदीद्वेष्ट्या वर्तमानपत्राने डिसेंबर १८९८ मध्ये हेन्रीच्या विधवेसाठी निधी उघडला. सुमारे २५,००० लोकांनी मिळून एक लाख तीस हजारांवर फ्रँक दिले. कागद बनावट होता हे तोवर सगळ्या देशाला ठाऊक झाले होते. शार्ल मोरास या तरुण लेखकाने तर हेन्रीचे कृत्य देशभक्तीचेच होते असे लिहिले. इथे प्रश्नाचा नूरच पालटतो. कागद खरा की खोटा, याची आता कोणाला पर्वाच नव्हती. आपल्या बाजूचा की त्यांच्या बाजूचा, एवढेच पाहायचे. असा माणूस खोटेही बोलत नाही आणि चुकतही नाही. खरे-खोटे हा हिशेबच त्याने वहीतून काढून टाकलेला असतो. मला विचाराल तर लबाडापेक्षा याचे भय मोठे. लबाडाला निदान खरे काय ते माहीत असते. हाच मोरास १९४५ च्या जानेवारीत, शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली तेव्हा, न्यायालयात ओरडला की हा ड्रेफसचा सूड आहे. अर्धे शतक उलटले, ड्रेफस मरून दहा वर्षे झाली, तरी गृहस्थ तिथेच उभा.

आणि खरा गुन्हेगार? तो मेजर एस्तरहाझी, कर्जात बुडालेला. बर्तियोंला नाव न सांगता दाखवलेले अक्षर त्याचेच. त्याचा छडा लावला कर्नल पिकार याने, हेरखात्याच्या नव्या प्रमुखाने. पिकारची बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यालाही यहुद्यांबद्दल प्रेम नव्हते, १८९४ साली त्यालाही ड्रेफस दोषीच वाटला होता. पण अक्षरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि त्याला कळून चुकले. तो वरिष्ठांकडे, जनरल गोंझकडे गेला. पिकारने पुढे जबानीत सांगितले ते असे, की तुम्ही काही बोलला नाहीत तर कोणाला कळणार नाही, अशा अर्थाचे जनरलसाहेब बोलले; आणि हे गुपित घेऊन मी मरणार नाही असे त्याने उत्तर दिले. त्याला ट्यूनिशियाकडे धाडून दिले, नंतर तुरुंगात टाकले. एस्तरहाझीला मात्र १८९८ च्या ११ जानेवारीला लष्करी न्यायालयाने काही मिनिटांच्या विचाराने सोडून दिले. त्यानंतर दोनच दिवसांनी एमिल झोला या कादंबरीकाराचे राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेले ते प्रसिद्ध अनावृत पत्र छापून आले. झोलालाही शिक्षा झाली.

जनरल गोंझचे ते बोलणे पिकार सांगतो तसेच असेल, तर ती तिसरी जात. तोंडाने खोटे बोलत नाही, मनाने चुकलेलाही नाही. जिथे पाहिले तर कळेल तिथे पाहायचे नाही, आणि दुसऱ्यालाही पाहू द्यायचे नाही, एवढीच त्याची खबरदारी. आमच्या धंद्यातही ही जात आहे, म्हणून ओळखता येते.

ड्रेफसच्या बाजूची सगळी माणसे मात्र धुतल्या तांदळासारखी होती असे समजू नका. त्यांच्यातही अनेकांची खात्री होती की हे सगळे पाद्र्यांनी, विशेषतः जेझुइट पंथाने, ठरवून रचलेले कारस्थान आहे. पुढच्या इतिहासकारांना असल्या कारस्थानाचा पुरावा मिळाला नाही. मुख्य मुद्द्यात बरोबर असलेला माणूस बाकीच्या मुद्द्यांत डोळे मिटून चुकू शकतो. बाजू खरी असली म्हणून बाजूची प्रत्येक गोष्ट खरी होत नाही.

उरलेली हकीकत थोडक्यात. १८९९ साली रेन येथे पुन्हा खटला झाला आणि पाचास दोन मतांनी ड्रेफस पुन्हा दोषी ठरला, पण "सौम्य परिस्थिती" असल्याची पुस्ती जोडून! देशद्रोहात सौम्य ते काय, हे त्या पाच जणांनाच ठाऊक. राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. १९०६ च्या जुलैत वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा पूर्ण रद्द केली. तो सैन्यात परतला, पहिल्या महायुद्धात लढला, १९३५ साली वारला. १९३० साली त्या जर्मन लष्करी वकिलाचे कागद प्रसिद्ध झाले आणि त्याचा माणूस एस्तरहाझीच होता हे त्याच्याच शब्दांत जगाला कळले. २०२५ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या सभागृहाने ड्रेफसला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल करण्याचे विधेयक एकमताने संमत केले. गणवेशावरची चिन्हे उपटली त्याला तेव्हा एकशेतीस वर्षे झाली होती.

आता घरच्या बंधाऱ्याकडे येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

त्या निवडणुकीत धाकट्या काकांच्या पॅनेलचे पत्रक मी लिहिले होते. मराठी बरी म्हणून काम माझ्याकडे आले. "फुटका बंधारा, फुटका कारभार" असा मथळा मीच दिला; लोकांना तो फार आवडला. बंधारा पाहायला मी गेलो नव्हतो. परीक्षेमुळे तालुक्याच्या गावी होतो, तिथेच बसून लिहिले. आजी विचारी, खोटं कोण बोलतो, तेव्हा मी दोन काकांचाच विचार करीत असे. स्वतःचा विचार माझ्या मनात आला नाही. मी खोटे बोललो होतो का? बंधारा गळतो अशी माझी खात्री होती. चुकलो होतो का? ते पाहिल्याशिवाय कसे कळणार?

पाहायला गेलो तो नवव्या वर्षी, पौषात. आजी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. ओढ्याच्या काठाने खालून वर चालत गेलो. थोरल्या काकांचे शेत बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला; तिथवर फुगवटा आलेला, विहिरीला पाणी भरपूर. धाकट्या काकांचे शेत खाली. तिथून बंधाऱ्याकडे पाहिले की तिसऱ्या गाळ्यातून पाण्याची धार सतत पडताना दिसे. त्या गाळ्याचे दोन बर्गे गायब होते. दोघेही नऊ वर्षे आपापल्या बांधावरून जे दिसते ते सांगत होते.

संध्याकाळी धाकट्या काकांना म्हटले, "काका, ते पत्रक मी बंधारा न बघताच लिहिलं होतं." ते म्हणाले, "मला माहीत आहे. तू त्या आठवड्यात गावात होतास कुठे?" आणि थोड्या वेळाने, "पण गळतो की नाही?" मी म्हटले, "तिसरा गाळा गळतो. बाकीचे नाही." त्यावर ते काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस संपल्यावर बर्गे घालायचे होते, तेव्हा दोन नवे बर्गे करून आणले. पैसे कोणी दिले ते मला दोघांनीही सांगितले नाही. सकाळी गेलो तर थोरले काका गाळ्याच्या एका बाजूला उभे, धाकटे दुसऱ्या बाजूला, मधे बर्गा. बर्गा खाचेत बसेना. बराच वेळ दोघे मुकाट्याने खटपट करीत होते. मग थोरले म्हणाले, "जरा तुझ्याकडनं उचल."